खाली जाणारा धूर

१७४४ साली फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिननं स्वतःच्या छापखान्यात एक पुस्तिका छापली. पतंग आणि वीज हे प्रकरण पुढचं. ही पुस्तिका होती एका शेगडीबद्दल: ओतीव लोखंडाची, लाकूड जाळून खोली गरम करणारी. त्याचं गाऱ्हाणं असं की, शंभरेक वर्षांपूर्वी दारात मिळणारं सरपण आता काही गावांना जवळपास १०० मैलांवरून आणावं लागतं. आणि एवढं करून भिंतीतल्या उघड्या फायरप्लेसमधली बहुतेक ऊब धुराड्यातून आभाळातच जाते.

त्याचा उपाय हुशारीचा होता. जाळामागे लोखंडाची पोकळ पेटी. धूर तिच्या पुढून वर चढणार, माथ्यावरून पलीकडे जाऊन खाली उतरणार आणि जमिनीलगतच्या वाटेनं धुराड्यात शिरणार. या फेरफटक्यात लोखंड त्याची उष्णता शोषून घेणार. पेटीत खालून ताजी हवा येणार, आत तापणार आणि खोलीत सुटणार. कागदावर सगळं चोख.

पण धूर खाली का जाईल?

धुराड्यातली हवा तापून हलकी होते, बाहेरची गार, जड हवा तिला वर रेटते. धुराड्याची ओढ म्हणतात ती हीच. धुराडं थंड असेल तर ओढ नाही, आणि मग धूर उलटा खोलीत येतो. म्हणजे फ्रँकलिनची शेगडी नीट चालायला ती आधी तापलेली हवी! अशा शेगडीत सुरुवातीला सुक्या काटक्या आणि ढलप्यांचा भडका हवा, धुराडं गरम होईपर्यंत. मग बारीक चिरलेली लाकडं, थोडी थोडी. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असू शकतं, आणि ते उकळवण्यातच जाळाची ताकद संपते. फुंकणी घेऊन चुलीपुढे बसलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. लाकडातून सुटणारे वायू पुरते जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस लागतात. जाळ मंद असला की ते धूर होऊन निसटतात आणि गार धुराड्यात डांबरासारखे चिकटून बसतात. हे डांबर एखाद्या दिवशी स्वतःच पेट घेतं.

गोची इथेच आहे. धुरातून जितकी उष्णता काढून घ्याल, तितकं धुराडं गार पडणार. थोडी ऊब त्याला सोडावीच लागते. फ्रँकलिननं हिशेब लाकडाचा केला. जाळ सतत कडक ठेवायला शेगडीपाशी जे माणूस लागतं, त्याचा मात्र नाही. खात्यापित्या घरांत असली कामं नोकर आणि गुलाम करत. खुद्द फ्रँकलिनच्या घरातही गुलाम होते.

गव्हर्नरनं देऊ केलेलं पेटंट मात्र त्यानं नाकारलं. दुसऱ्यांच्या शोधांचा फायदा आपण घेतो, तर आपलाही शोध लोकांना खुशाल द्यावा, अशी त्याची भूमिका. पुढे लंडनच्या एका लोखंडवाल्यानं किरकोळ फेरफार करून स्वतः पेटंट घेतलं आणि बऱ्यापैकी पैसा केला. आत्मचरित्रात फ्रँकलिन हे सांगतो आणि त्या फेरफारांनी शेगडी उलट बिघडलीच, असा टोलाही हाणतो. तत्त्व म्हणून सोडलेला पैसासुद्धा थोडा सलतोच, असं मला ते वाचताना वाटतं.

दुरुस्ती झाली ती नंतर. खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउसनं खाली जाणारी वाटच काढून टाकली आणि धुराला काटकोनात वळलेल्या नळीनं वर सोडलं. पुढच्या काळात 'फ्रँकलिन स्टोव्ह' या नावानं खपलेल्या बहुतेक शेगड्यांत धूर वरच जातो.