पायातली प्लेट : धातूच्या एका पट्टीचा इतिहास

१/
अपघातानंतर ‘पायात प्लेट टाकली’ हे वाक्य आज घरोघरी ऐकू येते. मोडलेल्या हाडाचे तुकडे धातूची पट्टी आणि स्क्रू लावून आतूनच धरून ठेवायचे, ही कल्पना कोणत्याही सुताराला सुचावी इतकी सोपी. तरीही ती भरवशाची ठरायला पाऊण शतकाहून अधिक काळ लागला. त्या काळाची ही कहाणी.

२/
पहिला अडसर जंतूंचा. एकोणिसाव्या शतकात हाड कातडी फाडून बाहेर आले की जखम चिघळे आणि जीव वाचवण्यासाठी पुष्कळदा पायच कापावा लागे. १८६५ मध्ये ग्लासगोत जोसेफ लिस्टर यांनी, गाडीचे चाक पायावरून गेलेल्या अकरा वर्षांच्या मुलाची जखम कार्बोलिक आम्लाने जपली. मुलाचा पाय वाचला. हाडापर्यंत चाकू नेण्याचे धाडस त्यानंतरच शक्य झाले.

३/
१८८६ मध्ये हॅम्बुर्गचे शल्यचिकित्सक कार्ल हान्समान यांनी हाडावर पट्टी बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पट्टी निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याची होती. तिचे एक टोक आणि स्क्रूंचे दांडे कातडीबाहेर ठेवलेले असत, म्हणजे हाड जुळल्यावर पुन्हा चीर न देता सारे काढता येई. मात्र तीच उघडी वाट जंतूंनाही आत नेणारी होती.

४/
१८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि वेडीवाकडी जुळलेली हाडे उघड दिसू लागली. लंडनच्या गायज रुग्णालयातील विल्यम आर्बुथनॉट लेन यांना अशा पायांची किंमत ठाऊक होती : पाय वाकडा जुळला की हमालाची रोजीरोटी बुडे. त्यांनी पोलादी पट्ट्या वापरल्या आणि कडक शिस्त घातली : हाताचा स्पर्श झालेली कोणतीही वस्तू जखमेत जाता कामा नये. त्यासाठी लांब दांड्यांची हत्यारे आली.

५/
त्याच काळात बेल्जियममधील अँटवर्प येथे अल्बाँ लाँबोत हे काम करीत होते. फावल्या वेळात व्हायोलिन घडवणारा हा शल्यचिकित्सक आपली उपकरणेही स्वतःच तयार करी. या शस्त्रक्रियेला ‘ऑस्टिओसिंथेसिस’, म्हणजेच अस्थिसंधान, हे नाव त्यांनीच रूढ केले.

६/
जंतूंना आवर बसला, पण दुसरा शत्रू धातूतच दडला होता. शरीरातील द्रव खारट. त्यात पोलाद गंजे, सभोवतालचे हाड झिजे आणि स्क्रू सैल होत. १९१२ मध्ये पिट्सबर्गचे विल्यम शेर्मन यांनी व्हॅनेडियम पोलादाच्या अधिक मजबूत पट्ट्या आणल्या. गंज मात्र कायम राहिला. १९३७ मध्ये अमेरिकेतीलच व्हेनेबल आणि स्टक यांनी दाखवून दिले की, शरीरात दोन भिन्न धातू शेजारी आले तर विद्युतघटासारखी क्रिया सुरू होते. कोबाल्ट-क्रोमियमचे मिश्रधातू आणि चांगले स्टेनलेस स्टील यांनी तो प्रश्न बराचसा सोडवला.

७/
तिसरा अडसर हालचालीचा. महिनोन्‌महिने प्लॅस्टरमध्ये अडकलेल्या पायाचे हाड जुळे, पण सांधे आखडत आणि स्नायू वाळत. ब्रुसेल्सच्या रोबेर दानिस यांनी तुकडे एकमेकांवर घट्ट दाबणारी पट्टी तयार केली. १९४९ च्या ग्रंथात त्यांनी मांडले की, असे घट्ट धरलेले हाड भोवती गाठ न धरता थेट जुळते आणि रुग्णाला लवकर हालचाल करता येते.

८/
१९५० मध्ये स्वित्झर्लंडचा तरुण डॉक्टर मॉरिस म्युलर दानिस यांना भेटला आणि भारावून परतला. ६ नोव्हेंबर १९५८ रोजी बील येथे त्याने सहकाऱ्यांसह ‘एओ’ हा अभ्यासगट स्थापन केला. नियम कडक होते : उपकरणे प्रमाणित हवीत, शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण हवे आणि प्रत्येक रुग्णाची नोंद हवी, अपयशांसकट. १९६० पासून दाव्होस येथे वर्ग भरू लागले.

९/
१९६९ मध्ये या गटाने लंबगोल, उतरत्या छिद्रांची पट्टी आणली. स्क्रू पिळला की त्याचे डोके उतारावरून घसरे आणि हाडाचे तुकडे आपोआप जवळ ओढले जात. सुताराची युक्ती आता यंत्रशास्त्र झाली होती.

१०/
पुढे या घट्टपणाचीच दुसरी बाजू दिसली. हाडावर दाबून बसलेली पट्टी खालचा रक्तपुरवठा तोडते आणि तेथले हाड विरळ होते. म्हणून १९९० च्या दशकात हाडाला कमी टेकणाऱ्या पट्ट्या आल्या. २००० च्या सुमारास स्क्रूचे डोके पट्टीतच आट्यांनी अडकवणारी ‘लॉकिंग’ प्लेट आली; तिला हाडावर दाबून बसावे लागत नाही.

११/
हान्समानपासून आजपर्यंत पट्टीचा धातू बदलला, छिद्रे बदलली, स्क्रू बदलले. एक गोष्ट मात्र कायम आहे : पट्टी हाड जोडत नाही, ती फक्त धरून ठेवते. जुळण्याचे काम रक्त पोहोचत असलेले जिवंत हाडच करते. त्या हाडाला कमीत कमी दुखवून आधार कसा द्यायचा, हाच या साऱ्या प्रवासाचा विषय होता.