चहाचा पेला आणि समाजाचें मन

समाजाची नीति ग्रंथांत वाचावयास मिळते. त्याचें मन मात्र पंक्तीवर पाहावें लागतें. या विधानाची सत्यता पटविणारें एक प्रकरण आपल्याच प्रांतीं घडलें आहे.

१८९० च्या आक्टोबर महिन्यांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानास जमलेल्या मंडळींपुढें चहा व बिस्किटें ठेवण्यांत आलीं. कोणीं तीं घेतलीं, कोणीं नुसता पेला हातीं धरिला. त्या मंडळींत माधवराव रानडे होते, आणि सुधारणेच्या वादांत त्यांचे प्रतिपक्षी असलेले बळवंतराव टिळकही होते. पुढें गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करविलीं व ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनीं १८९२ सालीं मित्रांच्या आग्रहास्तव प्रायश्चित्त घेतलें. त्याची हकीकत रमाबाईंच्या १९१० च्या आठवणींत आहे.

सुधारकांस हें दौर्बल्य वाटलें, आणि तें वाटणें साहजिक होतें. पुढारीच वांकला तर अनुयायांनीं कोणाच्या आधारें उभें राहावें? परंतु बहिष्काराचें सामर्थ्य कशांत असतें, हेंही पाहिलें पाहिजे. चहा पिणाऱ्यास तो क्वचितच शासन करतो. शासन होतें तें त्याच्या घरच्यांस. श्राद्धास भिक्षुक मिळत नाहीं, मुलीचें लग्न अडतें, सासरीं असलेल्या बहिणीस माहेर पारखें होतें. अशा वेळीं मनुष्यास भिववितें तें पाप नव्हे, तर स्वजनांचें दुःख. येथें सत्यनिष्ठा व दया हीं दोन मूल्येंच समोरासमोर उभीं ठाकतात. रानड्यांनीं दयेस झुकतें माप दिलें. त्याची किंमत त्यांच्या पक्षास मोजावी लागली.

पुढें हा प्रश्न कायद्याकडे गेला. वाळीत टाकण्यास बंदी करणारा मुंबई प्रांताचा १९४९ चा कायदा सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं घटनाबाह्य ठरविला. २०१६ सालीं महाराष्ट्रानें सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. परंतु कायदा बहिष्कार घालणाऱ्यांस शिक्षा करील; शेजाऱ्याच्या मांडवांत पाऊल टाकण्याचें धैर्य तो देऊं शकणार नाहीं. जो समाज आपल्या माणसांच्या प्रेमाचाच फांस करून त्यांस वांकवितो, त्याच्या हातीं आज्ञापालन लागेल, नीति लागणार नाहीं. नीतीचा आरंभ, वाळीत पडलेल्या घरीं जो पहिला मनुष्य जेवावयास जातो, त्याच्यापासूनच होतो.