महानायकपट : हास्य व गांभीर्य यांचा समतोल

अलौकिक सामर्थ्य लाभलेल्या, परंतु मनाने, नात्यांनी व उणिवांनी मनुष्यच राहिलेल्या एखाद्या रक्षणकर्त्याच्या पराक्रमाभोवती गुंफलेल्या आणि एकाहून अधिक भागांतून पुढे चालणाऱ्या चित्रपटमालिकेत, प्रेक्षकास हसविणारा अंश आणि त्याला चिंतेत, शोकात वा भक्तिभावात लोटणारा अंश यांची जी योजना कर्त्यास करावी लागते, तिला या नोंदीत समतोल असे म्हटले आहे. हास्याचे आणि अश्रूंचे प्रसंग मोजून तो साधत नाही. कोणी हसवावे, कोणास हसावे आणि कोणत्या घटकेस हास्याने बाजूस व्हावे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर तो अवलंबून असतो. स्वतंत्र चित्रपटात या बाबतीत झालेली चूक तेथेच संपते. मालिकेत मात्र एका भागातील थट्टेने नायकाच्या संकटाचे मोल एकदा उतरविले, की पुढील भागातील संकट प्रेक्षक आधीच हलके मानू लागतो, आणि ती गेलेली पत परत मिळविण्यास कर्त्याला फार सायास पडतात.

*स्वरूप.* महानायकाची कल्पनाच मुळात हास्यास्पदतेच्या सीमेवर उभी असते. चित्रविचित्र वेष धारण करून आकाशातून उडणारा प्रौढ पुरुष क्षणभर परक्या नजरेने पाहिला, तर हसू आल्यावाचून राहत नाही; म्हणून केवळ गंभीर राहू पाहणारा महानायकपट आढ्यतेकडे झुकतो, आणि आपल्याच नायकाची टर उडविणारा चित्रपट विडंबनाच्या वाटेस लागतो. या दोहोंमधील मार्ग म्हणजे नायकाच्या मनुष्यपणाला हसू द्यावे, परंतु त्याच्या व्रताला हसू देऊ नये. हे तत्त्व चित्रपटाने शोधून काढलेले नाही. वीरकथा सांगणाऱ्या लोकपरंपरांनी ते फार पूर्वीच आचरणात आणले होते, आणि त्याचा एक उत्तम दाखला मराठवाड्यात आढळतो.

*मराठवाड्यातील पूर्वपीठिका : खंडोबाचे जागरण.* नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, लोहा तालुक्यातील माळेगाव येथे, मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास खंडोबाची जी यात्रा भरते, तिच्यात घोडे, उंट, गाढवे व बैल यांचा मोठा बाजार, कुस्त्यांचे फड आणि तमाशांचे तंबू एकाच माळावर नांदतात. यात्रेचे अधिष्ठान असलेल्या देवाची कथा मात्र वाघ्या-मुरळीच्या जागरणातून गायिली जाते. मुरळी म्हणून मुली देवाला वाहण्याची अनिष्ट चाल कायद्याने बंद झाली असून, आता स्त्रिया या गायनात कलावंत म्हणून भाग घेतात. दिमडी, तुणतुणे आणि घाटी यांच्या साथीने रात्रभर चालणारे हे जागरण वस्तुतः एका अलौकिक वीराच्या कथांची मालिकाच आहे : मणी व मल्ल या दैत्यांचा संहार, म्हाळसेशी विवाह, सारीपाटाच्या डावातील हार, बाणाईच्या वाड्यावरील चाकरी आणि अखेरीस दोन पत्नींचा कलह.

या मालिकेत हास्याची वाटणी किती विचारपूर्वक झाली आहे, हे पाहण्यासारखे आहे. मल्हारी मार्तंड म्हणून दैत्यांच्या सेनेचा संहार करणारा देव, पुढे म्हाळसेशी सारीपाट खेळताना हरतो, डावाच्या अटीप्रमाणे घर सोडतो, धनगराच्या वाड्यावर गडी होऊन मेंढरे राखतो, आणि बाणाईच्या प्रीतीसाठी हरतऱ्हेच्या खोड्या करतो. त्याची सगळी फजिती या टप्प्यात होते आणि श्रोते मनमुराद हसतात. म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक आणि बाणाई धनगराची. नांदेड-लातूरच्या मुलखात हे दोन्ही समाज मोठ्या संख्येने वस्तीस असल्यामुळे, सवतींच्या जाबसालात दोन्ही बाजूंना आपापले पक्षकार समोरच बसलेले मिळतात आणि कलहाला आपोआप रंग चढतो. परंतु दैत्यवधाचे आख्यान सुरू झाले, की दिमडीची लय पालटते, खोड्या मागे पडतात, आणि ज्या देवाला श्रोते घटकेपूर्वी हसत होते त्याच्या नावाने येळकोटाचा गजर करतात.

आणखी एक सूक्ष्म तजवीज येथे ध्यानात घेतली पाहिजे. पराभूत दैत्यांपैकी मणी मरणसमयी शरण येतो, देवाला अश्व अर्पण करतो आणि त्याबदली देवाच्या सान्निध्यात स्थान मिळवितो. जेजुरीस त्याची मूर्ती आजही पूजिली जाते. ज्या कथेत शत्रूलाही अशी प्रतिष्ठा आहे, तिच्यात वीराचे काम सोपे भासत नाही, आणि वीराचे काम कठीण भासत असल्यामुळेच त्याच्या घरच्या फजितीला हसण्याची मुभा श्रोत्यांना निर्धास्तपणे देता येते. प्रतिपक्षाचे गांभीर्य हे अशा रीतीने नायकाच्या विनोदाचे तारण ठरते.

*तमाशातील वग.* माळेगावच्या माळावर जागरणाच्या शेजारीच ज्या तमाशाचे तंबू पडतात, त्याने हाच प्रश्न निराळ्या मार्गाने सोडविला आहे. गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमात हास्याला पूर्वार्धात भरपूर आवार दिलेले असते. गवळणीतील मावशी आणि पेंद्या प्रेक्षकांना हसवून हसवून मोकळे करतात, आणि मगच वगाची कथा उभी राहते. वगात शिरल्यावरही सोंगाड्या नाहीसा होत नाही. तो शिपाई, हुजऱ्या वा हवालदार होऊन राजाच्या दरबारात वावरतो. राजाच्या हुकमाची, दिवाणाच्या मसलतीची आणि अंमलदारांच्या लाचलुचपतीची तो यथेच्छ थट्टा करतो, परंतु कथेतील दुःखिताच्या शोकावर तोंडसुख घेत नाही, हा जाणत्या सोंगाड्याचा दस्तूर होय. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) या वगनाट्यात दादा कोंडके यांनी रंगविलेला हवालदार हा या परंपरेचा शहरी रंगभूमीवर गाजलेला अवतार.

रंगमंच आणि चित्रपट यांतील एक मूलभूत भेद येथेच स्पष्ट होतो. सोंगाड्या समोरच्या गर्दीचा अंदाज घेऊन एखादी कोटी लांबवितो, एखादी गिळतो, आणि कालच्या गावी बिघडलेला तोल आजच्या गावी सावरतो. चित्रपटाला ही सवलत नाही. तेथे तोलाचा अंतिम निवाडा संकलनाच्या टेबलावर एकदाच होतो, आणि तो मुंबईच्या व लोह्याच्या प्रेक्षकाला सारखाच लागू पडतो. म्हणून चित्रपटकर्त्याला सोंगाड्याची समयसूचकता पटकथेतच साठवून ठेवावी लागते.

*परदेशी व भारतीय मालिका.* अमेरिकन महानायकपटांच्या आधुनिक परंपरेचा आरंभ मानल्या जाणाऱ्या रिचर्ड डॉनर यांच्या ‘सुपरमॅन’ (१९७८) मध्ये क्रिस्टोफर रीव्ह या नटाने वार्ताहर क्लार्क केंट याला धांदरट व बुजरा रंगविले आणि सुपरमॅनला शांत व खंबीर ठेवले. एकाच देहात हास्य व गांभीर्य यांची सरहद्द आखली गेल्यामुळे लोइस लेनच्या मृत्यूच्या प्रसंगी हास्याचा लवलेशही उरत नाही. याच मालिकेच्या तिसऱ्या भागात (१९८३) विख्यात विनोदी नट रिचर्ड प्रायर याच्याकडे कथेचा मोठा वाटा सोपविण्यात आला, तेव्हा नायक स्वतःच्या चित्रपटात पाहुण्यासारखा झाला.

याहून मोठी हानी जोएल शूमाकर यांच्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ (१९९७) मध्ये झाली. त्यातील प्रतिनायक मिस्टर फ्रीझ हा दुर्धर व्याधीने ग्रासलेल्या पत्नीला गोठवून जपून ठेवणारा, वस्तुतः करुण मनुष्य; परंतु त्याच्याच तोंडी बर्फ व थंडी यांवरील शाब्दिक कोट्या सतत घातल्यामुळे त्याचे दुःख त्याच्याच जिभेने नासले. त्यानंतर ख्रिस्तोफर नोलन यांच्या ‘बॅटमॅन बिगिन्स’ (२००५) पर्यंत ती मालिका थांबली, आणि जेव्हा परतली तेव्हा हास्य बव्हंशी वृद्ध सेवक आल्फ्रेड व शस्त्रतज्ज्ञ ल्यूशस फॉक्स यांच्या मार्मिक संवादांपुरते ठेवून परतली. ताइका वैतिती यांच्या ‘थॉर : रॅग्नारॉक’ (२०१७) मध्ये नायकाची मातृभूमी नष्ट होत असतानाच एका पात्राच्या तोंडी विनोद येतो. कंटाळवाणी ठरू लागलेली मालिका या चित्रपटाने टवटवीत केली, हे खरेच. तथापि त्या क्षणीचे हसू देशोधडीला लागलेल्या प्रजेच्या दुःखाची किंमत देऊन मिळविलेले आहे.

उलट बाजूचा आदर्श जेम्स गन यांच्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ मालिकेत (२०१४, २०१७, २०२३) सापडतो. रॉकेट हा बोलका, तिरसट, रॅकूनरूपी प्राणी पहिल्या भागापासून हशा मिळवितो, परंतु त्याच्या देहावर झालेल्या क्रूर प्रयोगांची पूर्वकथा तिसऱ्या भागात पूर्ण गांभीर्याने सांगितली जाते, आणि आधीच्या भागांतील त्याची थट्टेखोर वृत्ती ही जखमेवरची खपली होती हे प्रेक्षकाला उशिरा, पण पक्के उमगते. मालिकेच्या दीर्घ अवकाशाचा असा उपयोग स्वतंत्र चित्रपटाला शक्य नाही. बेसिल जोसेफ यांच्या ‘मिन्नल मुरली’ (२०२१) या मल्याळम चित्रपटात एकाच विजेच्या आघाताने दोन माणसांना सामर्थ्य मिळते : त्यांपैकी हास्याचा वाटा उतावळ्या शिंपी नायकाला आणि शोकाचा वाटा गावाने अव्हेरलेल्या प्रतिनायकाला दिलेला आहे. खंडोबाच्या कथेतील मणी दैत्याला मिळालेली प्रतिष्ठा ज्याने जाणली आहे, त्या मराठी प्रेक्षकाला ही योजना ओळखीची वाटावी.

*मराठी पडदा.* मराठी चित्रपटात अद्भुत व विनोद यांचा संयोग लोकप्रिय करण्याचे श्रेय महेश कोठारे यांचे. ‘दे दणादण’ (१९८७) मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे यांनी अचाट बळ लाभलेला साधा पोलीस शिपाई रंगविला. ‘झपाटलेला’ (१९९३) व त्याचा उत्तरभाग ‘झपाटलेला २’ (२०१३) यांत तात्या विंचू या गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो. बाहुल्याचे रूप कितीही गमतीचे असले, तरी मनुष्यदेह पुन्हा मिळविण्याचा त्याचा घातकी हेतू कथेने थट्टेवारी नेलेला नाही, आणि म्हणूनच पहिल्या भागाचा नायक लक्ष्या (बेर्डे) याची भीतीने उडणारी गाळण प्रेक्षकाला एकाच वेळी हसविते व धास्तावते. निखिल महाजन यांच्या ‘बाजी’ (२०१५) ने, श्रेयस तळपदे यांना मुखवटाधारी रक्षणकर्त्याच्या रूपात उभे करून, स्पष्टपणे महानायकपटाचा प्रयत्न केला. मालिका मात्र त्यातून उभी राहिली नाही.

नांदेड-लातूरच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरतात ते लातूरचे सुपुत्र, बाभळगावच्या देशमुख घराण्यातील रितेश देशमुख यांचे दोन चित्रपट : निशिकांत कामत दिग्दर्शित ‘लय भारी’ (११ जुलै २०१४) आणि आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘माउली’ (१४ डिसेंबर २०१८). कथेने स्वतंत्र असलेले हे दोन्ही चित्रपट, विठ्ठलाच्या नावाने ओळखला जाणारा दांडगा नायक आणि अजय-अतुल यांचे संगीत, या दोन धाग्यांनी जोडलेले आहेत. हिंदी पडद्यावर देशमुख यांची ओळख मुख्यतः ‘मस्ती’ (२००४) व ‘हाउसफुल्ल’ (२०१०) यांसारख्या प्रहसनांतून झाली होती. ‘लय भारी’ च्या अवघे दोन आठवडे आधी प्रदर्शित झालेल्या ‘एक व्हिलन’ मध्ये त्यांनी क्रूर खुन्याची भूमिका करून आपल्या हास्यप्रतिमेला पूर्ण छेद दिला. ‘लय भारी’ ला हे दोन्ही पैलू हवे होते. नवसाने झालेल्या जुळ्या मुलांपैकी विठ्ठलाच्या पायी वाहिलेला माउली आणि वैभवात वाढलेला त्याचा भाऊ, अशा दोन भूमिका एकाच नटाकडे देऊन कर्त्यांनी हास्य व गांभीर्य यांची वाटणी दोन देहांत केली. भावाच्या मृत्यूचा शोक तन्वी आझमी यांनी साकारलेल्या आईच्या स्वाधीन केला, खलनायक संग्राम (शरद केळकर) याला विनोदापासून कटाक्षाने दूर ठेवले, आणि त्यामुळे माउलीच्या रांगड्या बोलीला मोकळे रान मिळाले. ‘माउली’ मध्ये नायक पोलीस अधिकारी असून हास्याचा बराचसा भार सिद्धार्थ जाधव यांच्या कडकनाथाने उचलला आहे. सोंगाड्याची जागा अशा रीतीने पुन्हा नायकाच्या सोबत्याकडे आली. ‘लय भारी’ तील वाटणी अधिक रेखीव होती, कारण तेथे हास्य व शोक यांचे उगमस्थान एकच नवस होता.

*निकष.* वरील दाखल्यांवरून समतोलाची काही प्रमाणे निश्चित करता येतात. नायकाच्या घरगुती, प्रेमातील वा व्यवहारातील उणिवा हे हास्याचे उचित क्षेत्र होय. त्याने घेतलेले व्रत आणि ज्यांच्यासाठी ते घेतले त्यांचे दुःख हे त्या क्षेत्राबाहेर राहावे. प्रतिनायकाने आपल्या दुःखावर स्वतः कोटी करू नये. हसविणाऱ्या पात्राला त्याचे स्वतःचे शल्य असावे, आणि मालिकेच्या कोणत्या तरी भागात त्याची दखल घेतली जावी. पराजय वा मृत्यू यांच्या लगत येणारा विनोद प्रेक्षकाचा ताण हलका करीत असला, तरी पुढील भागातील ताणाच्या खात्यातून तो उचल घेत असतो, हे पटकथाकाराने विसरू नये.

महानायकाची मराठी चित्रपटमालिका अद्याप सिद्ध व्हावयाची आहे. तिच्यासाठी लागणारी कथाबीजे, प्रसंगांचा क्रम, विनोदी सोबती, प्रतिष्ठित प्रतिनायक आणि रात्रभर जागून ऐकणारा रसिकवर्ग, हे सारे माळेगावच्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या उपलब्ध आहे. परदेशी नमुन्यांवरून पोशाख व यंत्रचमत्कार उसने आणण्यापूर्वी आमच्या चित्रपटकर्त्यांनी जागरणातील ही वाटणी अभ्यासावी. सारीपाटात हरलेल्या आणि मेंढरे राखणाऱ्या देवाला हसूनही त्याच्यावरील विश्वास तिळमात्र न ढळू देण्याची जी कला तिने साधली आहे, तीच महानायकपटाच्या कर्त्यास सर्वांत अधिक शिकण्याजोगी आहे.