पाण्यावर चालणारी मोटार

पेट्रोलचा भाव चढला कीं पाण्यावर चालणाऱ्या मोटारीची वार्ता कोठून तरी उगवतेच. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यांत रिक्षा चालवितो. पाण्यापासून वायु काढून इंधन वांचविणारें म्हणून सांगितलेलें एक यंत्र त्यानें गांठीच्या पैशांनीं विकत घेतलें. इंधनाचा खर्च होता तेवढाच राहिला. बॅटरी मात्र लवकर उतरूं लागली. तो मला म्हणाला, “गुरुजी, पाण्यांतून वायु निघतो हें तुम्हींच तर वर्गांत दाखविलें होतें.” त्याचें म्हणणें खरें होतें. म्हणून या दाव्यांचा इतिहास आज सांगण्याचें योजिलें आहे.

दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें, तेव्हां आपल्या देशांत पुष्कळ मोटारींवर कोळशाच्या वायूच्या भट्ट्या बसल्या. त्या गाड्यांत काय जळतें आहे तें सर्वांस दिसे. पाण्याच्या मोटारीची मेख येथेंच आहे: तींत काय जळतें हें कोणी दाखवीत नाहीं.

१९९६ सालीं तामिळनाडूंतील राजपालयमजवळच्या एका खेड्यांतील रामर पिल्लई या तरुणानें पाण्यांत वनस्पति उकळून इंधन करण्याचा दावा केला. देशभर त्याचा गवगवा झाला. पुढें, तें इंधन म्हणजे खनिज तेलापासून निघणाऱ्या द्रव्यांचेंच मिश्रण असल्याचा आरोप सी.बी.आय.नें ठेवला, आणि २०१६ सालीं चेन्नईच्या न्यायालयानें त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच १९९६ सालीं अमेरिकेंत ओहायो येथील न्यायालयानें स्टॅन्ले मायर याचा पाण्याच्या इंधनाचा दावा ढळढळीत फसवणूक ठरविला व भांडवल घालणाऱ्या दोघांचे २५ हजार डॉलर परत देवविले. त्याच्या यंत्रांत तज्ज्ञांस नेहमींच्या विद्युत्पृथक्करणापलीकडे कांहींच आढळलें नव्हतें.

आणि तें पृथक्करण तर १८०० सालींच इंग्लंडांत निकल्सन व कार्लाइल यांनीं करून दाखविलें होतें. पाणी म्हणजे हैड्रोजन जळून उरलेली जणूं राखच. नऊ किलो पाण्यांतून एक किलो हैड्रोजन निघतो. तो जाळला तर विजेच्या सुमारें ३९ युनिटांइतकी शक्ति मिळते. पण तो काढावयास व्यवहारांत सुमारें ५० युनिटें वीज खर्ची पडते. हा व्यापार नित्य तोट्याचाच.

२०२२ च्या ऑगस्टांत पुण्यास के.पी.आय.टी. व सी.एस.आय.आर. यांनीं मिळून केलेली हैड्रोजनची बस लोकांपुढें आली. तिच्यांतून पाणी बाहेर पडतें खरें. परंतु पाणी हें तिचें अन्न नव्हे, निःश्वास होय. अन्न म्हणजे हैड्रोजन, आणि तो आधीं शक्ति खर्चून मिळवावा लागतो.

वर्गांत मीं नळ्यांत जमलेले बुडबुडे दाखविले. बॅटरी किती उतरली तें दाखविलें नाहीं. मुलांनीं टाळ्या वाजविल्या आणि मीं तास संपविला. तो अपुरा राहिलेला पाठ आज पुरा करीत आहें. पाण्यावर चालणारें यंत्र कोणी दारीं आणलें, तर श्रोतेहो, एवढेंच विचारावें: “बाबा रे, पाणी फोडावयास शक्ति कोठून आणलीस?”