घोरण्यातली शांतता

डब्लिनला तुमच्याकडे आलेले बाबा रात्री घोरतात आणि मध्येच एकदम शांत होतात? कान द्यायचा तो या शांततेकडे. याच डब्लिनमध्ये १८१८ साली डॉ. जॉन चेन यांनी एका रुग्णाबद्दल लिहिलं: श्वास पाव मिनिट पूर्ण थांबतो, मग हळूहळू वाढतो, पुन्हा मंदावतो. १८५४ मध्ये विल्यम स्टोक्स यांनीही तेच नोंदवलं. तिथे गडबड श्वासाच्या नियंत्रणात होती. घोरणाऱ्यांचा बहुधा घसाच मिटतो.

त्यावरचा उपाय १९८१ मध्ये सिडनीहून आला. कॉलिन सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरसारख्या मोटरने नाकातून दाबाची हवा सोडली, घसा उघडा राहिला. पण मास्क सिलिकॉनने चेहऱ्याला चिकटवावा लागे! पुढचा बराचसा इतिहास सोयीचा आहे: मऊ मास्क, कोमट दमट हवा, हळूहळू चढणारा दाब. कारण मशीन कपाटात पडून राहिलं तर उपयोग शून्य.

म्हणून बाबा ‘नको ते’ म्हणाले तर चिडू नका. विचारा: कुठे टोचतं? नाक सुकतं? हवा गळते? मास्क बदलता येतो. दाब मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्या.