फौजेला पोलीस म्हणताना

पन्हाळ्यावर गेलेला माणूस तीन दरवाजा बघितल्याशिवाय उतरत नाही. चार दरवाजाचं मात्र नावच जास्त उरलंय. 1844 साली इंग्रजांनी तो पाडला. निमित्त होतं गडकऱ्यांचं बंड. गडकरी म्हणजे गड राखायची पिढीजात चाकरी करणारे आणि त्या चाकरीच्या जमिनीवर जगणारे लोक. कोल्हापूरचे महाराज अल्पवयीन होते, कारभार ईस्ट इंडिया कंपनीनं बसवलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या हाती होता आणि नव्या व्यवस्थेत गडकऱ्यांच्या जुन्या हक्कांवर गदा आली. सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. कंपनीची फौज आली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात पन्हाळाही पडला.

जुन्या पुस्तकांत याला ‘बंड’ म्हणतात, अलीकडच्या पुस्तकांत ‘उठाव’. फरक वाटतो तेवढा किरकोळ नाही. बंड म्हटलं की राज्य कोणाचं हे आधीच ठरून जातं. मग ज्याचं राज्य तो बंडाचा ‘बंदोबस्त’ करणार, त्याला परवानगी कसली? बंदोबस्त मूळचा फारसी, ‘बंद-ओ-बस्त’. दोन्ही तुकडे बांधण्याचेच. जमिनीचा सारा बांधून देणं हाही बंदोबस्त आणि गणपतीच्या मिरवणुकीला महाद्वार रोडवर लागतो तोही बंदोबस्तच. घरातली वस्तू नीट बांधून ठेवावी, असा या शब्दाचा सूर. परक्याच्या घरात शिरल्याची कबुली त्यात कुठंच नाही.

शिरण्याचे शब्द वेगळे आहेत आणि त्यांचं एक अख्खं कुटुंब अरबीतून आपल्याकडे आलंय. ‘दखल’ म्हणजे मुळात आत जाणं. त्यातूनच दाखल, दाखला, बेदखल. फौज शेजारच्या मुलखात दाखल होते, तिथला सत्ताधीश बेदखल होतो, सुरक्षा परिषद ‘गंभीर दखल’ घेते आणि ज्यानं फौज पाठवली तो जुने दाखले शोधत बसतो. ‘हस्तक्षेप’ हा आपला वर्तमानपत्री संस्कृत शब्द. क्षेप म्हणजे फेकणं, म्हणजे हात तेवढा टाकायचा, अंग बाहेर. बोलताना कोणी हस्तक्षेप करत नाही, ‘मध्ये पडतो’. पेठेत दोघांची जुंपली की शहाणे सांगतात, मध्ये पडू नको. कारण पडणाऱ्याला दोन्हीकडून बसते. मला हाच शब्द जास्त खरा वाटतो. त्यात जबाबदारी अंगावर घेणं आहे.

आता ‘पोलीस ॲक्शन’. मराठवाड्यात जुन्या माणसांच्या बोलण्यात ही कालगणनाच होती. जन्म, लग्न, दुष्काळ सगळं ॲक्शनच्या आधीचं नाहीतर नंतरचं. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्य सोलापूरहून नळदुर्गच्या दिशेनं निजामाच्या हद्दीत घुसलं आणि 17 तारखेला निजामानं शस्त्रं खाली ठेवली. सैन्यात रणगाडे होते, वर विमानं होती, सेनापती होते मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी. पोलीस त्यात कुठं होते? ते नावात होते. हैदराबादनं ऑगस्टमध्येच सुरक्षा परिषदेचं दार ठोठावलं होतं. युद्ध म्हटलं असतं तर हैदराबाद हा दुसरा देश ठरला असता आणि परिषदेला बोलायला जागा मिळाली असती. पोलीस आपल्याच हद्दीत फिरतात. एका शब्दात अख्खा युक्तिवाद बसला.

पण हा शब्द दिल्लीत घडला नव्हता. जुलै 1947 मध्ये डच फौजा इंडोनेशियाच्या नव्या प्रजासत्ताकावर चालून गेल्या, तेव्हा डच सरकारनं त्या चढाईला ‘पोलिसी कारवाई’च म्हटलं होतं. त्याविरुद्ध सुरक्षा परिषदेत तक्रार नेली कोणी? ऑस्ट्रेलियानं आणि भारतानं. ज्या नावावर आपण हरकत घेतली, तेच सव्वा वर्षानं आपण वापरलं. दोन्ही प्रकरणं एकाच मापाची नव्हेत, हे खरं. डच आपलं साम्राज्य परत मिळवायला गेले होते. इकडे निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी गावंच्या गावं जेरीस आणली होती आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या मागं उभा राहिलेला लढा तिथल्याच लोकांचा होता. म्हणूनच हैदराबादेत जाणं मला योग्य वाटतं. पण योग्य असलेली गोष्ट खोट्या नावानं कशाला सांगायची?

गोव्याच्या वेळी असा आडपडदा तुलनेनं कमी होता. 18 डिसेंबर 1961 ला सैन्य गोव्यात शिरलं, मोहिमेचं नाव ‘विजय’. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत सैन्य मागं घ्या असा ठराव आला. बाजूनं सात मतं, विरोधात चार, त्यातलं एक सोव्हिएत नकाराधिकाराचं. म्हणजे जगाचा पाठिंबा नव्हताच, एक नकार मात्र पाठीशी होता. भारताचं म्हणणं होतं की हा वसाहतीचा प्रश्न आहे, आक्रमणाचा नाही. इथं शब्द निवडला गेला ‘मुक्ती’. पोर्तुगालमध्ये त्याच मोहिमेला ‘आक्रमण’ म्हणत. (त्याआधी 1954 साली दादरा-नगर हवेली घेणाऱ्या स्वयंसेवकांत आपल्या कोल्हापूरचे सुधीर फडके होते. तिथं सैन्यच नव्हतं, त्यामुळे शब्दांची एवढी ओढाताण झाली नाही.) मुक्ती शब्दाला मी राजी आहे, कारण 1955 च्या सत्याग्रहात माणसं गोळ्या खाऊन पडली होती आणि पुढं 1967 च्या जनमत कौलात गोवेकरांना त्यांचं भवितव्य विचारलं गेलं. विचारलं तेही महाराष्ट्रात यायचं का एवढंच, हा भाग निराळा. उत्तर नाही आलं आणि आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ते झोंबलं.

‘पोलीस’ या शब्दाची किंमत हैदराबादेत मोजावी लागली. ॲक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी पंडित सुंदरलालांची समिती पाठवली. तिचा अंदाज 27 ते 40 हजार मृत्यूंचा होता आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. अहवाल कित्येक दशकं बंद राहिला. डचांनीही तेच केलं होतं; पण 2022 साली मोठं संशोधन बाहेर आल्यावर त्यांच्या पंतप्रधानांनी इंडोनेशियाची माफी मागितली आणि डच इतिहासकार आता त्या कारवाईला सरळ युद्ध म्हणतात. आपल्याकडं 17 सप्टेंबरला झेंडावंदन होतं, मुक्तिसंग्रामाच्या हुतात्म्यांना सलामी दिली जाते, आणि उस्मानाबादेतल्या त्या मेलेल्यांसाठी मराठीत अजून एकही शब्द रूढ झालेला नाही.