एलईडी वॉलवर ‘फोर-के’ खरंच दिसतं का? भाडं ठरवण्याआधी एवढं समजून घ्या

धाराशिव : लग्न असो, हळद असो, गणपती-नवरात्र मंडळाचा कार्यक्रम असो की गावची यात्रा, स्टेजच्या मागं एलईडी वॉल आता हमखास दिसते. कळंब, भूम, परंड्यापासून उमरगा, लोहाऱ्यापर्यंत मंडपवाल्यांच्या कोटेशनमध्ये ‘फोर-के एलईडी वॉल’ असा शब्द सर्रास असतो आणि त्याचे वेगळे पैसेही लावले जातात. पैसा बहुतेक वेळा वर्गणीचा किंवा मुलीच्या बापाचा असतो. त्यामुळे हा शब्द नेमका कशाला म्हणतात, हे माहीत असलेलं बरं.

ठिपक्यांचा हिशोब

वॉलवरचं चित्र ठिपक्यांनी बनतं. एका ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन बारीक दिवे असतात. (लाल-हिरवे एलईडी फार आधी आले. निळा चांगल्या उजेडाचा एलईडी 1990 च्या दशकात जपानमध्ये तयार झाला, तेव्हा कुठं रंगीत वॉल शक्य झाली. त्या कामासाठी तीन शास्त्रज्ञांना 2014 चं नोबेल मिळालं.)

फोर-के म्हणजे आडवे 3840 आणि उभे 2160 ठिपके, एकूण 82 लाख 94 हजार 400. आपण ज्याला फुल एचडी म्हणतो त्यात 1920 बाय 1080, म्हणजे 20 लाख 73 हजार 600.

आता भाड्याची वॉल बघू. दोन ठिपक्यांमधल्या अंतराला ‘पिच’ म्हणतात आणि ते मिलिमीटरमध्ये मोजतात. भाड्याच्या कामात 3.9 चा पिच खूप चालतो. अर्धा मीटर बाय अर्धा मीटरच्या अशा एका पॅनलमध्ये आडवे 128 आणि उभे 128 ठिपके बसतात. साधारण 12 बाय 8 फुटांची वॉल लावली तर आडवी 7 आणि उभी 5 अशी 35 पॅनल लागतात. ठिपके झाले 896 बाय 640, म्हणजे 5 लाख 73 हजार 440. फोर-केच्या शंभर ठिपक्यांतले जेमतेम सात! फुल एचडीचाही पाव हिस्सा आणि थोडे वर, एवढंच.

याच पिचमध्ये पूर्ण फोर-के दाखवायचं तर आडवी 30 आणि उभी 17, अशी 510 पॅनल जोडावी लागतील. ती वॉल 49 फूट रुंद आणि 28 फूट उंच होईल. एवढी वॉल मंगल कार्यालयात मावणारच नाही. 2.6 चा बारीक पिच घेतला तरी 12 बाय 8 च्या वॉलवर 1344 बाय 960 च ठिपके मिळतात.

मग ऑपरेटर खोटं बोलतो का? तसंच नाही. त्याच्या प्रोसेसरला फोर-के व्हिडिओ घेता येत असेल. पण प्रोसेसर घेतो फोर-के आणि वॉलला देतो तिच्यात जेवढे ठिपके आहेत तेवढंच. बाकीचं गाळून टाकतो. कंट्रोलरमधून निघणारी नेटवर्कची एक वायर साधारण साडेसहा लाख ठिपके वाहते. म्हणजे वर सांगितलेली अख्खी वॉल एकाच वायरवर चालते. खऱ्या फोर-केला अशा 13 वायरी लागतात.

एक गफलत खास लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोटेशनवर ‘3840’ लिहिलेलं असतं आणि लोक त्याला फोर-के समजतात. बऱ्याचदा तो आकडा 3840 हर्ट्झचा, म्हणजे रिफ्रेश रेटचा असतो. वॉल एका सेकंदात किती वेळा उजळते ते त्यावरून कळतं. ठिपक्यांशी त्याचा संबंध नाही. तरी हा आकडा कामाचा आहे. तो कमी असला की मोबाईलच्या शूटिंगमध्ये वॉलवर काळ्या पट्ट्या सरकताना दिसतात आणि लग्नाचा सगळा व्हिडिओ खराब होतो.

लांबून बघायचं की जवळून?

फोर-के नाही म्हणून चित्र वाईट असतं, असंही नाही. 3.9 च्या वॉलचे ठिपके चांगल्या नजरेच्या माणसालाही साधारण 44 फुटांच्या पुढून वेगळे दिसत नाहीत. शाळेच्या मैदानावर किंवा यात्रेत माणसं त्याहून लांबच उभी असतात. तिथं बारीक पिचला जादा पैसे देणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. कार्यालयात पहिली रांग दहा-पंधरा फुटांवर असेल तर मात्र 2.6 किंवा 2.9 चा पिच मागावा.

पिचपेक्षा उजेड जास्त महत्त्वाचा. आतल्या कार्यक्रमाच्या वॉलचा उजेड साधारण 600 ते 1000 निट असतो, बाहेरच्या वॉलला साडेचार हजारांच्या पुढं लागतो. वैशाखातल्या दुपारच्या अक्षतांना आतली वॉल उघड्यावर लावली तर सगळं पांढुरकं दिसतं. म्हणून बोलणी करतानाच पिच किती, पॅनल किती, वॉल आतली की बाहेरची आणि रिफ्रेश किती, हे चार आकडे कागदावर लिहून घ्यावेत. ‘फोर-के’ हा शब्द नसला तरी चालेल.

व्हिडिओ कुठून आला?

निम्मी गडबड इथं होते. नवरा-नवरीचा व्हिडिओ फोटोग्राफर व्हॉट्सअॅपवर पाठवतो, तो दाबला जाऊन येतो आणि वॉलवर चेहऱ्याचे चौकोन दिसतात. मग वॉलवाल्याला शिव्या! फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, नाहीतर सरळ पेनड्राईव्हवर घ्यावी. पेनड्राईव्ह फॅट-32 पद्धतीचा असेल तर त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही. मोबाईलवरचं फोर-के शूटिंग मिनिटाला 170 ते 400 एमबी जागा खातं, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांतच ही हद्द ओलांडू शकते. जुन्या लॅपटॉपवर असा व्हिडिओ अडकत चालतो. वॉलसाठी फुल एचडी फाईल करून घेणं सगळ्यात सोपं. चित्रात फरक दिसत नाही आणि ऐन कार्यक्रमात लॅपटॉपही अडत नाही.

मोबाईलच्या नेटवरून यूट्यूब लावायचा भरवसा धरू नये. फोर-केला यूट्यूब साधारण 20 एमबीपीएस वेग मागतं आणि यात्रेत एकाच टॉवरवर हजारो मोबाईल असतात.

वॉलचा आकारही बघावा. व्हिडिओ 16 बाय 9 चा असतो. तो 12 बाय 8 वर ताणून भरला की माणसं लांबट, बारीक दिसतात. 7 बाय 4 पॅनलची मांडणी व्हिडिओच्या आकाराच्या जवळ येते, शिवाय सात पॅनलचं भाडं वाचतं. नावं मोठ्या अक्षरात घ्यावीत. बारीक अक्षरात रफार आणि अनुस्वार गायब होतात, आणि आहेर करणाऱ्याचं नाव चुकलं तर ते वर्षभर निघतं.

वीज आणि वारा

वॉल पूर्ण पांढऱ्यावर गेली तर दर चौरस मीटरला 600 ते 800 वॉट ओढते. 12 बाय 8 ची वॉल म्हणजे सहा-सात किलोवॅट, सिंगल फेजवर तीस अँपिअरच्या आसपास. साउंड वेगळा. आकडा टाकून हे चालवणं जिवावर बेतणारं आहे. मंडळांनी महावितरणची तात्पुरती जोडणी घ्यावी किंवा जनरेटर आणावा, आणि लोखंडी सांगाड्याला अर्थिंग दिलंय का ते स्वतः उभं राहून बघावं. ओल्या जमिनीत तर नक्कीच.

येरमाळ्याची येडेश्वरीची यात्रा चैत्री पौर्णिमेला भरते, लग्नसराईही त्याच दिवसांत, आणि अवकाळीचं वावटळ-वारंही त्याच दिवसांत. 35 पॅनलचं वजन अडीचशे किलोच्या पुढं जातं आणि वारा लागला की वॉल शिडासारखी धरते. 13 मे 2024 ला मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्यात जाहिरातीचा फलक कोसळून 17 जण दगावले. तो फलक खूपच मोठा होता, पण वाऱ्याचा जोर आपल्या वॉललाही तसाच लागतो. सांगाड्याच्या पायाला वजन आणि मागून ताण असल्याशिवाय वॉल उभी करू देऊ नये. आभाळ भरून आलं तर वॉल आधी खाली उतरवायची, हे ऑपरेटरशी सकाळीच ठरवावं, आणि वॉलच्या मागं लेकरं खेळू देऊ नयेत.